सगळ्यात कमी पळणारी गाडी

इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी विचारतं, एका चार्जिंगमध्ये किती पळते? पारनेरच्या गोरक्ष ठुबेनं शोरूममध्ये विचारलं, "सगळ्यात कमी कोनती पळती?"

सेल्समन चाटच पडला. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, गोरक्षची सासुरवाडी संगमनेरकडं, सत्तर किलोमीटरवर! तिथं सासरे बैलगाडा शर्यतीची एकच गोष्ट दर खेपेला पहिल्यापासून सांगायचे. आणि दारात पेट्रोलची गाडी होती तोवर बायको, मंदा, दर महिन्याला माहेरी न्यायला लावायची.

गोरक्षनं ऐंशी किलोमीटर पळणारी स्कूटर घेतली आणि घरी येऊन तोंड पाडलं. "तुझ्या माहेरी जाऊन माघारी येता यायचं न्हाई गं."

"जायाला तर पुरंल ना?" म्हणत मंदानं चार्जर पिशवीत टाकला.

आज सासुरवाडीतला तिसरा दिवस. गावात लाईट टिकत नाही आणि बॅटरी चाळीस टक्क्यांच्या वर सरकत नाही. चहा घेऊन सासरे शेजारी मांडी घालून बसले.

"लाईट येऊ द्या निवांत, जावईबापू. हां, तर आपला सर्ज्या सुटला..."