आतल्या काचेवरचं कुंकू

नाना गेल्याचा फोन चलथाणला आमच्या शेजारच्या वाण्याकडे आला, तेव्हा माझा विश्वासच बसला नाही. आदल्याच रविवारी ते नवागामहून माझ्या सासरी येऊन जेवून गेले होते. "तुन्हा हातनी भाकर आजून वाकडीच शे," असं म्हणत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या तीन भाकरी त्यांनी संपवल्या होत्या. रघुनाथनाना माझ्या नात्यातले नव्हते, माहेरचे शेजारी होते. पण नात्यातल्या कुणासाठी मी एवढी रडले नाही, हे खरं आहे.

नाना मूळचे धुळ्याकडचे, पोटासाठी गुजराती मुलखात आलेले. वीस वर्षं कापडाच्या लूमवर फिटर होते, आणि त्या खडखडाटात त्यांचा डावा कान गेला होता. मग एका शेठने छोटा कारखाना काढला, टीव्ही-रेडिओत लागणारे ट्रान्झिस्टर बनवायचा, आणि नानांना तिथे नेलं. पर्वत पाटियाच्या व्यापाऱ्यांसाठी घरी बसून साड्यांना टिकल्या लावणाऱ्या मला नानांनीच शेठपुढे उभं केलं. "हिन्हा डोया घारना शेतस," म्हणाले. घारीचे डोळे म्हणजे काय ते शेठला हाताने करून दाखवावं लागलं, पण मला बारीक कण मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीवर नग तपासायचं काम मिळालं.

शेठने चीनमधल्या एका कंपनीकडून एक मशीन मागवलं होतं. ती कंपनी कापड नाही, साबण नाही, फक्त चिपा बनवायची मशीनंच बनवायची. ट्रान्झिस्टर ज्यातून कापले जातात त्या सिलिकॉनच्या गोल चकतीवर हे मशीन उजेडाने बारीक नक्षी उठवायचं. त्याच्यासाठी बंद खोली, गाळलेली हवा, डोक्याला टोपी, पायाला पिशव्या... धुळीचा कण चालायचा नाही. नाना त्या खोलीत गेले की कुजबुजत बोलायचे. "इथं माले दोन्ही कानले ऐकू येस," म्हणायचे, आणि आम्ही हसायचो.

मशीन बसवायला कंपनीचे इंजिनिअर ली आले होते. चाचणीचे नग चांगले निघाले की ते सही करणार. नाही तर मशीन परत, खोली बंद, आणि आम्ही सहाजण पुन्हा पहिल्या कामाला, असं शेठने स्पष्ट सांगितलं होतं. आणि नेमका मध्ये दसरा आला. खानदेशी माणूस दसऱ्याला मशीन पुजल्याशिवाय राहील? "जे भाकर देस, त्याले कुकू नको?" नाना म्हणाले. तरी त्यांनी अक्कल वापरली. नारळ, उदबत्ती बाहेर ठेवली आणि आत जाऊन मशीनच्या बाहेरच्या पत्र्यावर अंगठ्याने एकच टिळा लावला. ते वळले तेवढ्यात मी झाकण उचलून आतल्या काचेच्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट टेकवलं. बाहेरून लावलेलं आतपर्यंत कसं पोचणार, असं मला वाटलं. भक्ती उतू गेली होती, दुसरं काय!

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक चकती खराब. दुर्बिणीखाली लाल कण मला सगळ्यांत आधी दिसले. नानांना बाजूला घेऊन मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तू बोलू नको, पोरी. कुकू मी लावं, मीच सांगसू." आणि सरळ शेठकडे गेले. शेठ खूप बोलले. ली मात्र झाकण उघडून बराच वेळ काचेकडे बघत राहिले. मग त्यांनी शेठला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. नानांनी तीन दिवस ती खोली छतापासून पुसली. मी मान खाली घालून नग तपासत राहिले... याची लाज मला आजही वाटते. चौथ्या दिवशी नग चांगले निघाले, सही झाली. जाताना लींनी माहितीपुस्तकावरचा मशीनचा फोटो कापून नानांना दिला आणि खोलीच्या दाराबाहेर बोट दाखवलं. तेव्हापासून पूजा त्या फोटोची.

लग्नानंतर मी काम सोडलं, पण यंदा दसऱ्याला मुद्दाम कारखान्यात गेले. नाना नव्हते. शेठने ताट माझ्या हातात दिलं आणि माझ्याने राहवलं नाही. सगळ्यांसमोर सांगून टाकलं की तेव्हा आतल्या काचेवर कुंकू मी लावलं होतं, नानांनी नाही.

शेठ हसले. "मने तो त्यारेज खबर हती, बेन. रघुनाथभाईए कहेवानी ना पाडेली." काचेवर उमटलेलं बोट नानांच्या अंगठ्यापेक्षा फार बारीक आहे, हे लींनी त्याच दिवशी त्यांना दाखवलं होतं. पण पोरीला हे कधी कळू द्यायचं नाही, असं नानांनी शेठकडून कबूल करून घेतलं होतं.

दाराबाहेरच्या फोटोवर नानांच्या अंगठ्याचे रुंद टिळे एकावर एक चढून मशीन जवळजवळ झाकून गेलं होतं. त्यांच्या शेजारी मी बोट टेकवलं. केवढंसं उमटलं ते... कुणीही ओळखलं असतं.