दाभणचाचा

दाभणचाचांना धड डबा बघवत नसे. आमच्या नगरपालिकेच्या घातक कचऱ्याच्या शेडमध्ये फवारणीच्या औषधाचा रिकामा कॅन आला की खिशातून दाभण काढायचे आणि बुडाला भोक पाडायचे. पूर्वी आडतीवर पोती शिवायचे, तेव्हापासून दाभण खिशात. नळाला आठवड्यानं पाणी येणाऱ्या गावात घट्ट झाकणाचा कॅन म्हणजे चीज, आणि हा माणूस तो फोडतो! आम्हा बायकांचा जीव तुटायचा. "धुतलं म्हणून जहर जात न्हाय, बेटा," एवढंच ते म्हणायचे.

चाचा शेडचे मुकादम. गावातल्या घराघरांतून येणाऱ्या बॅटऱ्या, ट्यूबलाइट, रंगाचे डबे आम्ही निवडायचो आणि ते आमच्या चुका निवडायचे. मास्क खाली ओढलेला दिसला की विचारायचे, "हनुवटीला सर्दी झालीय काय?" ॲसिडशेजारी कुणी ब्लीचिंग पावडर ठेवली की आरडाओरडा. "सवती हायत त्या! एका खोलीत ठिवल्या तर आपला जीव घेतील!" गळका कॅनसुद्धा ते असा उचलायचे की थेंब सांडायचा नाही.

एकदा भोक पाडायचा राहिलेला एक निळा कॅन नाहीसा झाला. शेडमधून काही नेलं तर काम गेलं, असं साहेबांनी बजावलेलं. चाचांनी सांगावं तर कुणाची तरी भाकरी जाणार. गप्प बसावं तर कुणाच्या तरी पोटात विष जाणार. दोन दिवस ते कुणावर ओरडलेसुद्धा नाहीत, म्हणजे बघा.

मग ईद आली. शीरखुर्मा घेऊन ते दरवर्षी आम्हा सगळ्याजणींच्या घरी यायचे. त्या वर्षी डबा धरायला मला बरोबर घेतलं आणि प्रत्येक घरी बसल्याबरोबर पाणी मागायला लागले. शेडमध्ये आमच्याबरोबर कचरा निवडणाऱ्या शारदेकडे गेलो. तिचा नवरा ढोकीच्या साखर कारखान्यावर, घरात सासू आणि दोन लेकरं. सासूनं कौतुकानं निळ्या कॅनमधून पेला भरला. दारात उभ्या शारदेचा चेहरा पांढराफटक पडला.

चाचा पेला घ्यायला उठले, अडखळले, आणि कॅनवर असे आदळले की सगळं पाणी उंबऱ्यापर्यंत वाहत गेलं.

"आरं देवा! आठ दिसाचं पाणी! डोळं हायती का बटनं?" सासू कडाडली.

"चुकलं, अक्का. म्हातारपण हाय," चाचांनी कान धरले. "ह्यो कॅन बी गेला. दुसरं भांडं आनून देतो." कॅन उचलून ते निघाले. संध्याकाळी हातगाड्यावर आपल्या घरचं स्टीलचं पिंप, काठोकाठ भरून, घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये शारदा त्यांच्यापुढे रडायला लागली. "लेकरांना दवाखान्यात दाखवून आन," ते हळूच म्हणाले. आणि लगेच खेकसले, "हातमोज्यानं डोळं पुसू नको!"

लेकरं सुखरूप होती. साहेबांना काही कळलं नाही. पण सासूच्या लेखी चाचा कायमचे धांदरट ठरले. पुढे दर ईदेला ते दिसले की ती आधी घागरी कोपऱ्यात सरकवायची, वर तोंडाचा पट्टा सोडायची. मला राहवायचं नाही. एकदा म्हटलं, "चाचा, खरं सांगून टाकू का?"

"कशाला? मला धांदरट म्हनती, तर काय झिजलं? तिला चोर म्हनले असते."

यंदा थंडीत चाचा झोपेतच गेले. चाचींना भेटायला मी, शारदा आणि तिची सासू गेलो. खूप बायका बसल्या होत्या. सासू पदरानं डोळे टिपत म्हणाली, "लई धांदरट मानूस. पन मनानं सोनं व्हतं."

"आत्ती," शारदा एकदम बोलली, सगळ्यांदेखत. "ते धांदरट न्हवते. त्या निळ्या कॅनात आदी फवारनीचं औषध व्हतं. म्या शेडमधून आनला व्हता. तुमी पिऊ नये म्हनून त्यांनी पानी सांडलं."

म्हातारी सरकत चाचींपाशी गेली आणि त्यांचा हात धरला. "बाई, मी त्या मानसाला दर सनाला शिव्या घातल्या गं!"

"ठावं हाय मला," चाची रडता रडता म्हणाल्या. "घरी येऊन समद्या सांगायचे. लई हसायचे."