मामाचं गाव विचारणारा ॲडमिन

रक्तदात्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला मी, पण सांभाळायला घेतलेल्या ॲडमिननं माझ्या डोक्याला ताप करून ठेवलाय. अहमदपूरला स्टँडजवळ त्याचं कापडाचं दुकान आहे. ग्रुपात कुणी यायचं म्हटलं, की हा फोन लावून आधी मामाचं गाव विचारतो.

परवा लातूरच्या दवाखान्यातून कुणीतरी ह्याला फोन करून तातडीनं रक्त मागितलं. ह्यानं तसा मेसेज ग्रुपवर टाकलाच नाही.

मी भडकलो. "अरे बाबा, तिकडं माणूस जाईल!"

"नंबर वळखीचा न्हाई, सर. लोकं लई फसवायलेत."

दुपारी ग्रुपवर त्याचाच मेसेज आला. 'पेशंट खरा हाय. डोळ्यानं बघितलो. एक बाटली मी दिलो, अजून दोन लागतेत.' दुकान बंद करून गडी लातूर गाठून बसला होता!

शाबासकी द्यायला मी फोन केला.

"ते जाऊ द्या, सर. तुमचीच चौकशी राहिली हाय. मामाचं गाव कोन्तं?"