सड्यावर पडलेली पुडी

माझे बाबा मच्छीमारी बोटीवर तांडेल होते, म्हणजे बोटीवर शेवटचा शब्द त्यांचा. खवळलेल्या दर्यात जे कधी डगमगले नाहीत, त्यांना माझ्या दोन आसनी विमानाकडे नुसतं पाहिलं तरी घाम फुटतो. मी विमान चालवायला शिकले त्याला सहा वर्षं झाली. आई दोनदा बसून आली. शेजारच्या काकू तर वर गेल्यावर "तो पुढचा पंखा जरा बारीक कर गो, थंडी वाजते" असंही म्हणाल्या. बाबा मात्र विमानाच्या जवळही फिरकले नाहीत.

"बोट बुडाली तर पवता येतं," ते म्हणायचे. "तुझं विमान पडलं तर मी काय करू, उडू?"

यंदा आमच्या फ्लाइंग क्लबची स्पर्धा रत्नागिरीतच, मिरजोळ्याच्या बाजूला, सड्यावर म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर होती. आदल्या दिवशी मी त्यांच्या मागेच लागले. शेवटी वैतागून ते म्हणाले, "सड्यावर गोल आखतात ना? त्या गोलात पांढरा ठिपका पडलेला माझ्या डोळ्यांना दिसला, तर बसतो. जा आता." मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे उडीच मारली. चषक गेला उडत, मला बाबा हवे होते शेजारच्या सीटवर.

ठिपक्याची भानगड अशी. विमानातून कागदाची पुडी खाली टाकायची, ती आपटून फुटते आणि आतल्या पिठाचा डाग पडतो. डाग गोलाच्या मध्याच्या जितका जवळ, तितके गुण जास्त. पीठ ज्याचं त्याने घरून आणायचं, आणि सगळे आणतात तांदळाचं, कारण कातळावर ते लांबून दिसतं. आमची पुडी बाबांनी स्वतः भरली, वर सुतळीची गाठही मारून दिली. मी म्हटलं, चला, स्वारी विरघळली!

सकाळी चुन्याच्या रेघेवर विमान उतरवायची फेरी झाली. त्यात मी चौथी आले, म्हणजे नाक कापलं गेलं नाही एवढंच. मग पुडीची फेरी. माझी जोडीदार खेडची दातांची डॉक्टर. दाढा उपटणारीचा हात थरथरत नाही, म्हणून पुडी टाकायचं काम तिच्याकडे. आम्ही समुद्राकडून वळलो, तीनशे फुटांवर आलो, मोहरलेल्या कलमांच्या बागा मागे पडल्या आणि समोर तो गोल दिसला. गोल नाकाखाली जायच्या जरा आधी मी ओरडले, "सोड!"

तिने सोडली. मी विमान वळवलं आणि दोघींनी खाली वाकून पाहिलं. पांढरं काहीच नाही.

"अगं, पडली की मधोमध! मी बघितलंय," ती म्हणाली. "पीठ गेलं कुठे?"

उतरून धावत गेलो तर परीक्षक गोलाभोवती फेऱ्या मारत होते. ते पुण्याचे, निवृत्त वैमानिक, नियमाला पक्के. सुरक्षिततेसाठी ते लांब उभे होते, त्यामुळे पुडी पडताना दिसली, पण नेमकी कुठे ते कळलं नव्हतं. "डाग नाही तर गुण नाही. शून्य लिहावं लागेल," ते म्हणाले. मला रडूच फुटायचं बाकी होतं. शून्याचं एवढं काही नव्हतं. बाबा आता कधीच बसणार नाहीत, ते मला खुपत होतं.

तेवढ्यात प्रेक्षकांच्या मांडवातून बाबा उठले. कोणाला न विचारता दोरी ओलांडून तडक गोलात आले. मध्यावर ठोकलेल्या खुंटीपासून हातभर अंतरावर खाली बसले, जमिनीवर बोट टेकवलं आणि ते परीक्षकांपुढे धरलं.

"हे बघा. नाचण्याचं पीठ हाय. हितं पडलंय."

तांबूस पीठ तांबूस कातळावर असं मिसळलं होतं की पायाखाली आलं तरी कळू नये. परीक्षकांनी वाकून चिमूट उचलली, वास घेतला. "नाचणी? ही कोणी भरली?"

"मीच," बाबा म्हणाले. "दिसू नये म्हणून." मग माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "पण पोरीनं बरोब्बर मधी टाकलंन. तिला शून्य कसं देताव?"

मला हसावं, रागवावं की त्यांच्या गळ्यात पडावं, काही सुचेना. तिन्ही केलं. परीक्षकांनी टेप लावून अंतर मोजलं आणि त्या फेरीत आम्ही पहिल्या आलो. "पांढरा नव्हता हं, बाबा," मी चिडवलं. "तुम्ही सुटलात."

"ठिपका होता ना? चल," ते म्हणाले.

दुपारी ते शेजारी बसले. पट्टा दोनदा ओढून पाहिला, डोळे गच्च मिटले. चाकं सुटली तेव्हा माझा गुडघा इतका घट्ट धरला की चार दिवस वळ होता. समुद्रावर आलो तसा त्यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. मग नाक काचेला लावून बघतच राहिले.

"बाय, ते पाण्यातलं खडप बघ! तिथंच जाळी फाटायची आमची. उजवीकडं घे."

"बाबा, विमान मी चालवतेय."

"चालव की," ते म्हणाले. "पण उजवीकडं घे."