भावोजींच्या एल्कचा नंबर

परवा संध्याकाळी आमच्या गणपतीच्या आरतीला अमेरिकेतला एक डोंगर हजर होता. आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, हातातल्या मोबाईलवर... आणि त्या डोंगरावर कानटोपी घालून माझे मोठे दीर उभे होते.

तिकडे सकाळ होती. भावोजी थंडीत कुडकुडत टाळ्या वाजवत होते बिचारे. मला मात्र इतका राग आला होता की एक कडवं मी दोनदा म्हटलं.

आमचं गाव पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे जाताना लागतं. भावोजी असतात न्यू जर्सीला. तिथे मित्रांच्या नादाने त्यांना शिकारीचं वेड लागलं. एल्क नावाचं जनावर, आपल्या सांबरासारखंच, पण घोड्याएवढं... ते कोलोराडोच्या डोंगरात सापडतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आईंनी कपाळाला हात लावला होता. "अरे, पोलीस धरतील ना तुला!"

तर पोलीस नाही धरत. तिथे शिकारीचा परवाना मिळतो, आणि त्याची लॉटरी निघते. एप्रिलमध्ये अर्ज करायचा आणि नंबर लागतो का याची वाट बघत बसायचं. नाही लागला तर एक पॉइंट मिळतो, म्हणजे पुढच्या वर्षी चान्स थोडा जास्त.

त्यात भावोजी पडले परराज्यातले. त्यांना फी तिथल्या लोकांच्या कितीतरी पट. ती वाढतच चालली आहे, आणि दरवर्षी ते फोनवर तासभर तिच्या नावाने खडे फोडतात... आणि मग मुकाट्याने अर्ज भरतात.

इकडे आमच्या भातात रानडुकरं येऊन लोळून जातात. त्यांना अर्ज नाही, फी नाही, काही नाही.

हेही मी हसण्यावारी नेलं असतं. पण या शिकारीचा मोसम कधी? सप्टेंबरात... ऐन गणपतीत! भावोजींना मोठी रजा वर्षातून एकदाच मिळते. बरं, नंबर लागला नाही त्या वर्षी तरी घरी यावं ना? नाही. दुसऱ्या कुणाचा लागलेला असायचा, त्याच्याबरोबर हे जायचे. 'तयारी' म्हणून!

आमच्याकडे मूर्ती घरात आणायचा मान थोरल्या मुलाचा. आई दर गणपतीला महाडच्या बाजारातून भावोजींच्या मापाची नवी टोपी आणतात, आणि ती जाते माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर. त्याला ती मोठी होते, सारखी कपाळावर घसरते. आई तिकडे बघायचं टाळतात.

यंदा अर्ज भरल्याचा फोन आला, तेव्हा आईंनी मला विचारलं, ते पॉइंट म्हणजे काय असतं? मी चिडूनच सांगितलं... नंबर लागेपर्यंत ते साठत राहतात आणि एकदा लागला की सगळे शून्य. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, पुन्हा कितीतरी वर्षं थांबायचं. "असं होय," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन गावदेवीच्या देवळात गेल्या आणि गुरवकाकांना गाऱ्हाणं घालायला सांगितलं. मला वाटलं, आता मागतील, पोराला गणपतीला घरी आण. तर म्हणाल्या, "माझ्या थोरल्याचा नंबर लागू दे."

एल्क देवीला कसा समजावून सांगायचा, हे गुरवकाकांना कळेना. शेवटी "तिकडचं थोरलं सांबर" म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. मी शेजारी हात जोडून नेमकं उलटं मागत होते.

देवीने आईंचं ऐकलं... नंबर लागला. भावोजी फोनवर आनंदाने ओरडत होते आणि आई खुशाल हसत होत्या. मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. अहो, आपल्याच पोराला आपणच गणपतीतून घालवायचं?

तर परवाची ती आरती. ती संपल्यावर भावोजींनी सांगितलं, एल्क दिसला एकदाच... लांबून, पाठमोरा. रजा संपली, पॉइंट शून्य झाले, आणि फी पुन्हा वाढणार आहे म्हणे. "आता पुरे झालं, आई. पुढच्या गणपतीला येतो."

हसावं की मोबाईल आपटावा, मला कळेना. फोन ठेवल्यावर माझ्या तोंडून निघूनच गेलं, "आई, तुम्ही त्यांचा नंबर लागू दे म्हणून मागितलंतच कशाला?"

आई निरांजनातली वात सारखी करत होत्या. "अगो, तूच नाय का बोललीस, नंबर लागेपर्यंत साठतच राहतात म्हणून? म्हणजे तो दरवर्षी तिकडंच जाणार. म्हटलं, लागू दे एकदाचा. यंदाचा गणपती गेला तर गेला... पुढचे तरी माझे हायत."

मी त्यांच्या हातातलं निरांजन घेऊन देवापुढे ठेवलं.

नंतर प्रसादाची ताटली काढायला कपाट उघडलं. वरच्या खणात यंदाची नवी टोपी होती, दुकानाच्या पिशवीत तशीच. नवऱ्याने या वर्षी आपली जुनीच टोपी घातली होती, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

भावोजी, ही पोस्ट तुम्ही वाचणार आहात. पुढच्या गणपतीची तारीख कमेंटमध्ये टाकली आहे, रजेचा अर्ज आजच करा. इथे लॉटरी नाही, परराज्याची फी नाही... तुमचा नंबर केव्हाच लागलेला आहे.

आणि दुसऱ्या एखाद्या राज्यात पॉइंट साठवायला सुरुवात केली असेल, तर आईंना कळू देऊ नका. त्या पुन्हा देवळात जातील... आणि देवी त्यांचंच ऐकते.