उदयसिंगाचं जपानी गाणं

साउंड सर्व्हिस चालवणाऱ्या माणसाला शांत संगीत आवडावं, हा काही गुन्हा नाही. पण कामरगावच्या उदयसिंग राठोडाला लोकांनी या एका आवडीपायी जो ताप दिला, तो पाहता त्यानं एखादा गुन्हा केला असता तर बरं, असं वाटावं. त्याला कोणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर त्याला आनंदच झाला असता, कारण शिव्या द्यायला आधी ऐकावं लागतं. लोक त्याचा फोन कानाशी धरत, जरा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत आणि विचारत,

"कवा सुरू होते?"

"सुरूच हाये ना भाऊ!"

"हे? हे तं नुस्तं वाजून राह्यलं. गानं कवा सुरू होते?"

इथं उदयसिंगाच्या कानशिलाची शीर उडायला लागायची. तो फोन परत घ्यायचा, डोळे मिटायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायचा, की बापा, हे जपानचं संगीत आहे, मशीनवर बनवतात, यात गाणारा नसतो, असं बसायचं आणि ऐकायचं. समोरचा मान डोलवायचा. मग म्हणायचा, "बरं, पन जोरदार कवा होते?"

उदयसिंगाचा बंजारा तांडा कामरगावच्या अलीकडे. बाप हरिसिंग ऊसतोडीला जायचा आणि दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढायचं. पोरगा फडातच वाढला. शाळा बुडाली ती बुडालीच, पण ट्रॅक्टरवरच्या टेपचे कर्णे उघडून पाहायचा नाद लागला, आणि तो नाद पुढं धंदा झाला. कारंज्याला एका वायरमनच्या हाताखाली राहून तो शिकला, गावात शेड टाकलं, एक छोटा हत्ती टेम्पो घेतला आणि बाजूवर रंगवून घेतलं: उदय साउंड. लग्न असो, जयंती असो, तेरवी असो, बॉक्स उदयसिंगाचेच. त्याच्या बॉक्सनं आजवर किती घरांची कौलं हलवली त्याला गणती नाही. अशा माणसाला जपानचं मुकं संगीत सापडावं, ही गंमतच. पण सापडलं तेही धंद्यातूनच.

अकोल्याहून आणलेला एक जुना बॉक्स फरफर करत होता. मेकॅनिक फोनवर म्हणाला, बारीक आवाजाचं काही तरी लावून पाय, मंग दोष कळते. उदयसिंगानं शेडमध्ये बसून मोबाईलवर 'साउंड टेस्टिंग' शोधलं आणि एकामागून एक आपोआप लागत गेलं तसं लागू दिलं. भरदुपार होती, रस्त्यावर कुत्रं नव्हतं. तेवढ्यात कोणी लांबवर काचेच्या पेल्याला बोट लावल्यासारखा एक आवाज आला. मग काहीच नाही. मग पुन्हा तोच, पण जरा खाली. मागून पाण्याचे थेंब पडत होते. उदयसिंग उठून बाहेर गेला आणि नळ पाहून आला. नळ बंद होता. तेव्हा तो परत येऊन बॉक्सवरच बसला आणि ते संपेपर्यंत उठला नाही. दुपारभर कोणाला न ओरडता आपण बसू शकतो, हे त्याला त्या दिवशी प्रथमच कळलं. फरफर कुठून येते ते शोधायचं राहूनच गेलं.

तिथून त्याला वेडच लागलं. शेजारच्या घरात कोणी शिलाई मशीन चालवत असावं तसा हलका ठेका असलेली गाणी निघाली, नुसत्या वाऱ्याची निघाली, एकात तर शेवटपर्यंत एकच सूर होता आणि तरी उदयसिंगाला तो दर वेळी निराळा वाटायचा. नावं सगळी जपानी अक्षरांत. ती कोण वाचणार? म्हणून त्यानं चित्रांवरून नावं ठेवली: छत्रीवालं, हिरव्या खिडकीवालं, आणि एक जऊळकावालं, कारण त्यावरचं रिकामं स्टेशन दुपारच्या जऊळका स्टेशनासारखंच दिसायचं.

एवढं चांगलं काही सापडल्यावर माणूस एकटा कसा ऐकणार? उदयसिंगाला तर नाहीच जमणार. लोकांना ऐकवण्यातच त्याचा जन्म गेलेला. त्यानं वाटायला सुरुवात केली, आणि तिथून त्याच्या हालांना सुरुवात झाली.

जीपवाल्या गोलूला त्यानं पेन ड्राइव्ह भरून दिला. कामरगाव-कारंजा रस्त्यावर गोलूनं तो लावला आणि संध्याकाळी परत आणून दिला. पाशिंजरं म्हणाले, तुया टेप बिघडला. एकानं तर उतरून चाकाकडे पाहिलं, की बेअरिंग वाजते काय.

देवमन नावाचे एक म्हातारे शेजारी होते, भजनात टाळ धरणारे. यांना कान आहे, असं उदयसिंगाला वाटायचं. त्यांना त्यानं खाटेवर बसवून छत्रीवालं ऐकवलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः शेडवर आले. उदयसिंगानं लगबगीनं खुर्ची पुसून दिली.

"उदयसिंग, लय भारी हाये बरं तुहं ते."

"आवडलं का बाबा?"

"अरे काय सांगू! असी झोप लागली, असी झोप लागली! आज बी लावून देजो."

झोप! त्याला हाच शब्द नको होता. कोणी म्हणे झोपेला चांगलं, कोणी म्हणे दवाखान्यात लावतात तसलं, कोणी म्हणे पूजेला चालेल. मंगरूळपीरचा विनोद तर स्वतः डीजेवाला, धंदाभाऊ. त्याला पाठवलं तर त्यानं चक्क कौतुक केलं आणि चार दिवसांनी त्याच जऊळकावाल्याखाली धुमधडाका ढोल घालून परत पाठवलं. खाली लिहिलं होतं, आता मजा येते भाऊ. उदयसिंगानं ते अर्ध्यावर बंद केलं आणि त्या दिवशी जेवला नाही.

घरी बायकोनं, रुपाबाईनं, गोरमाटी बोलीत एवढंच विचारलं, की लोकांना नको असलेलं वाढायची तुला एवढी हौस कशाची? कोणीतरी एकानं ते गाणं समजून ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं. एकानं तरी. नाही तर आपलंच डोकं फिरलंय, असं त्याला हळूहळू वाटायला लागलं होतं आणि त्याची त्याला भीतीही वाटत होती.

मग त्यानं एक शक्कल काढली. कार्यक्रमाआधी वायरी जोडताना, माईक तपासताना कुठलं तरी गाणं लावावंच लागतं. त्या वेळी तो हटकून जपानी लावायला लागला. लग्नात, साखरपुड्यात, सप्ताहात, सगळीकडे. कोण अडवणार? तेवढंच लोकांच्या कानांवरून जाईल, आज नाही उद्या गोडी लागेल. असं वर्षानुवर्षं चाललं. गोडी काही कोणाला लागली नाही. लागली ती भलतीच गोष्ट, पण ती त्याला पुढं कळायची होती.

एका उन्हाळ्यात मंगरूळपीरजवळच्या एका गावचे शेतकरी जगदेव भाऊ पोरीच्या, मंजुषाच्या, लग्नाचा साउंड सांगायला आले. जाताना म्हणाले, "उदयसिंग, वरात तुले जशी वाजवाची तशी वाजव. पन पंगतीत धिंगाना नको. आमचे व्याही शांत मानूस हायेत. जेवताना कायतरी शांत लाव."

उदयसिंगाचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. शेकडो माणसं, रांगेनं बसलेली, पुढ्यात ताट, उठून जायची सोय नाही, आणि मालक स्वतः सांगतोय की शांत लाव! छत्रीवालं लावावं की हिरव्या खिडकीवालं, यात त्याचा आठवडा गेला. शेवटी त्यानं ते पहिलंच, थेंबांचं, नक्की केलं. बॉक्स पुसले, फरफर करणारा घरी ठेवला. जगदेव भाऊंचा पुतण्या विकास माईकवर बोलणार होता. त्याला उदयसिंगानं बाजूला घेऊन बजावलं, "पंगतीत माईक बंद ठेवजो. मधात एक शब्द नाई पाह्यजे. मी पाह्यतो सारं."

इथं त्याची चूक झाली. आमच्याकडे पंगत बसली, वाढून झालं, तरी माईकवरून 'होऊ द्या मंडळी सावकाश' आल्याशिवाय व्याही घास उचलत नाही, आणि व्याह्यानं उचलल्याशिवाय वऱ्हाडातलं कोणी उचलत नाही. हे उदयसिंगाला ठाऊक नव्हतं असं नाही. ते वाक्य त्याच्याच बॉक्समधून हजारदा गेलं होतं. पण त्या दिवशी त्याच्या डोक्यात दुसरं काही शिरायला जागाच नव्हती.

लग्न लागलं. वऱ्हाडाची पंगत बसली. पोळी, वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी, सगळं पानावर आलं. उदयसिंगानं बटण दाबलं आणि हळूहळू आवाज वर नेला. पेल्याचा सूर मांडवभर पसरला. थेंब पडायला लागले.

आणि पंगत गप्प झाली.

उदयसिंगानं मान वर करून पाहिलं. कोणाचा हात हलत नव्हता. रांगेच्या रांगा नुसत्या बसलेल्या. व्याही मांडीवर हात ठेवून समोर बघत होते. एक पोरगं पोळीला हात लावायला गेलं तर आईनं त्याचा हात धरला. वाढपी बादल्या घेऊन जागच्या जागी उभे. जेवण समोर असून माणसं जेवायची थांबली होती! उदयसिंगाच्या अंगावर सरसरून काटा आला. इतकी वर्षं उगाच शिव्या घातल्या या लोकांना मनातल्या मनात, असं त्याला वाटलं. डोळ्यांत पाणीच आलं. सूर खाली उतरला, थांबला, पुन्हा उगवला, आणि मांडवात पंख्याशिवाय दुसरा आवाज नव्हता.

तेवढ्यात जगदेव भाऊ धोतर सावरत पळत आले. घामानं चेहरा निथळत होता.

"अरे उदयसिंग, काय करून राह्यला तू? वायर तुटला काय?"

"नाई तं! कायले?"

"मंग किती टाइम लागते तुह्या टेस्टिंगले? व्याही उपाशी बसून राह्यले ना बे! वरन थंड झालं!"

"टेस्टिंग?"

"तं काय! हे वाजते तवा तुहं टेस्टिंगच असते, हे साऱ्या जिल्ह्याले मालूम हाये. हे बंद झाल्याबिगर माईक सुरू होत नाई. आता करतं का सुरू, का दुसऱ्या साउंडवाल्याले बलावू?"

आत्ता कुठं उदयसिंगाला उमगलं. लोक ऐकत नव्हते. लोक ते संपायची वाट बघत होते. आणि हे त्यांना शिकवलं कोणी? दुसऱ्या कोणी नाही, त्यानंच. वर्षानुवर्षं, मांडवामागून मांडव हिंडून, त्यानं सगळ्या मुलखाला पढवून ठेवलं होतं, की हा आवाज म्हणजे अजून काहीच सुरू झालं नाही. त्याला रडावं की डोकं आपटावं ते कळेना. स्वतःची एवढी चीड त्याला जन्मात आली नव्हती. त्यानं खटकन गाणं बंद केलं आणि विकासच्या हातातून माईक ओढून घेतला.

'होऊ द्या मंडळी सावकाश' एवढंच म्हणायचं होतं. पण तोंडातून भलतंच निघालं.

"मंडळी, हे टेस्टिंग नाई. हे गानंच हाये. जपानचं हाये. हे असंच असते, याच्यात पुढं काही सुरू होत नाई, जोरदार बी होत नाई. वायर तुटला नाई, बॉक्स बिघडला नाई. मले आवडते म्हून लावलं व्हतं. होऊ द्या सावकाश."

मांडवात हशा पिकला. विकास तर पोट धरून खाली बसला. जगदेव भाऊंनी कपाळावर हात मारला. व्याह्यांनी शांतपणे पहिला घास घेतला, आणि मग सगळी पंगत तुटून पडली. उदयसिंग मान खाली घालून वायरी गुंडाळायला लागला. वरात वाजवायची, पैसे घ्यायचे आणि ते सगळं जपान फोनमधून पुसून टाकायचं, असं त्यानं ठरवलं.

"ओ साउंडवाले!"

व्याही हाक मारत होते. उदयसिंग जवळ गेला.

"गानं व्हतं तं बंद काहून केलं?"

"तुमी जेवून राह्यले, म्हून..."

"मंग लाव ना. जगदेव भाऊ शांतच लाव म्हने."

उदयसिंगानं परत येऊन लावलं, पहिल्यापासून. पण आता ते कोणाला ऐकू जाणार? भुकेली पंगत जेवत होती. पोळी, पोळी! वरण इकडं! पोरं ओरडत होती, बादल्या वाजत होत्या, बाया लांबून एकमेकींना हाका मारत होत्या. पेल्याचा सूर कधी मधूनच वर यायचा आणि बुडायचा. उदयसिंग चिडून बॉक्सकडे पाठ करून उभा राहिला. असंच व्हायचं होतं तर मघाची उपाशी पंगतच काय वाईट होती, असं त्याला वाटलं.

मठ्ठ्याची बादली घेऊन एक वाढपी रांगेतून आला. चांगला खणखणीत गडी. "मठ्ठा, मठ्ठा, मठ्ठा!" करत तो व्याह्यांपाशी पोचला. व्याह्यांचा उजवा हात वरणात होता. त्यांनी डावा हात वर केला.

"हळू बोल ना बापा," ते म्हणाले, "गानं चालू हाये."

वाढप्यानं आवाज उतरवला आणि हळूच पेल्यात मठ्ठा ओतला. व्याही पुन्हा जेवायला लागले. उदयसिंग झटकन खाली बसला आणि बॉक्समागच्या वायरी तपासायला लागला. वायरी सगळ्या नीट होत्या. पण त्याला रडू आवरत नव्हतं, आणि गाणं संपेपर्यंत तो तिथून उठला नाही.