इमारत शेठची, पेशंट मॅडमचे

हॉस्पिटलात दोन गोष्टी आपोआप साठतात. जुने एक्स-रे आणि किस्से. एक्स-रे निदान चांदीसाठी भंगारवाला उचलतो. किस्से माझ्याकडेच पडून राहिले!

नवीन पनवेलच्या आमच्या वीस खाटांच्या हॉस्पिटलात मी मॅनेजर होतो. मालक काशिनाथशेठ. खारघरकडची भातशेती टॉवरखाली गेली, तेव्हा त्यांनी हे हॉस्पिटल काढलं. डॉक्टर म्हणजे मुकादम मॅडम, मूळच्या उरणच्या. कायद्यानं मालक कुणीही चालतो. इलाज मात्र डॉक्टरनंच ठरवायचा. यातला पहिला अर्धा भाग शेठना तोंडपाठ होता.

*

पहिल्याच दिवशी शेठ मॅडमच्या केबिनमध्ये, मॅडमच्याच खुर्चीत बसले.

"खुर्ची आमचीच हाय ना, मॅडम?"

"तुमचीच. बसा ना!" मॅडमनी स्टूल ओढलं आणि बेल मारली.

एक आजोबा आत आले. मोठी खुर्ची बघून थेट शेठकडे पाठ केली आणि धोतर सोडायला लागले. मूळव्याध!

शेठ मागच्या दारानं गेले ते त्या केबिनमध्ये परत आले नाहीत.

*

एकदा आमदार भेट द्यायला येणार होते. "रिकाम्या खाटा बऱ्या नाय दिसत," म्हणून शेठनी गावाकडून टेम्पोभर धडधाकट माणसं आणून झोपवली. आमदार सफरचंदं वाटून गेले. मंडळी सफरचंद खात उठतायत, तर दारात मॅडम!

"माझ्या वॉर्डात झोपलात ना? मग तपासल्याशिवाय कुणी जायचं नाही."

सात जणांना बीपी निघालं, दोघांना शुगर. टेम्पोच्या ड्रायव्हरचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. टेम्पो गावाला शेठनी स्वतः चालवत नेला!

*

मग शेठच्या डोक्यात टार्गेट शिरलं. "बाजूच्या हॉस्पिटलात बगा, किती एक्स-रे निगतात! आपलं कमी का?"

"हाडंच मोडत नाहीत हो लोकांची," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही असं करा शेठ, रोज एकदा जिन्यावरून पडत जा. सुरुवात घरातूनच व्हावी."

*

हे शेठना लागलं. त्यांनी वकिलाकडून करारच करून आणला : कुणाला दाखल करायचं आणि कधी सोडायचं, हे मालक लेखी कळवतील. "सही करा, नायतर महिन्याभरात दुसरीकडे बगा."

मॅडमची मुलगी इथल्याच शाळेत दहावीला. तरी मॅडमनी सही केली नाही. कागद माझ्या ड्रॉवरमध्ये गेला आणि दिवस मोजणं सुरू झालं.

शेठनी वकिलालाही सोबत आणलं होतं. तो जाता जाता म्हणाला, "शेठ, तुम्ही सांगितलंत म्हणून लिहिलं. कायद्यात हे बसत नाही हां. आणि मॅडम गेल्या, दुसरा डॉक्टर मिळाला नाही, तर याला हॉस्पिटल म्हणता येणार नाही."

"मंग काय म्हनायचा?"

"लॉज!"

*

महिना संपायला दोन दिवस होते. सकाळी अकराला शेठना छातीत दुखतं म्हणून आणलं. आपल्याच हॉस्पिटलात, चार नंबरच्या खाटेवर. छातीला वायरी लावल्या आणि शेठ उठून बसले.

"संध्याकाळला पुतन्याची हळद हाय. आमी चाललो!"

"कार्डिओग्राम चांगला नाही. हलायचं नाही."

"हॉस्पिटल कोनाचा हाय?"

शेठची बायको रडायला लागली. "आवो, ऐका ना त्यांचा!" शेठ ऐकेनात. वायरी उपटायलाच निघाले.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तो करार आणा."

मी आणला. मॅडमनी उभ्या उभ्या सही ठोकली आणि कागद शेठच्या मांडीवर ठेवला.

"झाली माझी सही. आता तुमचा अधिकार. पेशंट नंबर चार, सोडायचा की ठेवायचा, लिहा. खाली सही तुमची."

शेठनी पेन घेतलं. मॉनिटरकडे बघितलं. बायकोकडे बघितलं. मग बराच वेळ कागदाकडे.

"मॅनेजर," शेठ हळूच म्हणाले, "माजा चष्मा घरी ऱ्हायला."

चष्मा शेठच्या नाकावर होता.